मुरलेली जमीन

स्कॉटलंडच्या उत्तरेला लेकीच्या घरामागे नजर पोचेल तिथवर दलदल आहे. आम्ही दोघं सांगलीहून तिच्याकडे कायमचे राहायला आलो, त्याच आठवड्यात ती आम्हाला तिथे फिरायला घेऊन गेली. बायकोने सहज छत्री टेकवली, तर ती मुठीपर्यंत आत गेली. वर काढली तेव्हा टोकाला काळपट शेवाळ चिकटलं होतं.

"हजारो वर्षांचं असेल ते," लेक म्हणाली.

बायकोने वास घेऊन पाहिला. "आणि कुजलं नाही?"

कुजणार कसं? याहून उत्तरेच्या गारठ्यात शेवाळ धड वाढतच नाही, दक्षिणेच्या उबेत ते कुजून जातं. मधल्या या पट्ट्यात पाऊस रोजचा, ऊन नावाला. त्या गार, आंबट पाण्यात ते थरावर थर साचत राहतं. आमच्या अंगणातल्या पानांची एका पावसाळ्यात माती व्हायची. ही जमीन मात्र काही म्हणता काही टाकत नाही.

"म्हणजे लोणच्यासारखं मुरतं की!" बायको खूश झाली.

परतताना लेकीने हळूच विचारलं, "आई, करमेल ना गं तुला इथे?"

छत्री झटकत बायको म्हणाली, "मुरू दे की जरा."