बॅक म्हणजे परत

"ऐकून राह्यले का, बाबूजी? तो बोलून राह्यला पाहा."

काकाजी हे तव्याबद्दल म्हणत. डावा हात कमरेवर, मान तव्याकडे कललेली आणि डोळे चक्क मिटलेले. रांधणारी माणसं पदार्थ डोळ्यांनी पाहतात, नाकानं हुंगतात, चिमूटभर जिभेवर ठेवतात. तुम्हीही पाहिली असतील. हे गृहस्थ कानानं चाखत. त्यांचा इलाजच नव्हता. रेल्वेच्या बंगल्यात साहेबांसाठी तीस वर्षं मांसमच्छी करणाऱ्या या खानसाम्यानं स्वतः कधी अंडंही तोंडात घातलं नव्हतं. लहानपणी आईला तसा शब्द दिला होता. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण शब्द काही तिच्याबरोबर गेला नव्हता.

पन्नास सालानंतरची ही गोष्ट. मी वर्धा जिल्ह्यातल्या एका लहान स्टेशनात पार्सलबाबू म्हणून नुकता चिकटलो होतो. स्टेशनाला लागून कडुनिंबाखाली बंगला होता. तपासणीला येणारे साहेब तिथे उतरत. गोरे निघून गेले होते, पण त्यांचा नाश्ता इथेच राहिला होता, आणि आमचे सावळे साहेबही सकाळी अंड्यांबरोबर बेकन मागत. बेकन म्हणजे मिठात मुरवलेलं डुकराचं मांस. आमच्या घरी श्रावणात कांद्याचं नाव काढायची चोरी, तेव्हा मला हे कळणार कुठून? काकाजींनी सांगितलं, पण जरा उशिरा सांगितलं.

झालं असं की, एका नव्या साहेबांना मागच्या फेरीत नुसती अंडी मिळाली होती. त्यांनी लगेच कागदी घोडे नाचवले. असा खानसामा हवा कशाला? पुढच्या खेपेला पाहू, नाहीतर जागाच बंद करू. काकाजींच्या पेन्शनीला दोन वर्षं उरली होती. जागा गेली की राहती खोली जाणार आणि तीस वर्षांच्या चाकरीवर 'नालायक' असा शेरा बसणार. खोलीपेक्षा त्यांना शेऱ्याची धास्ती होती. त्यांनी मुंबईच्या दुकानातून बेकन मागवलं.

ते पार्सल आलं माझ्या हाती. गोणपाटात शिवलेलं, ओलसर. मिठाचं पाणी पाझरून पत्त्याची शाई पुसली होती. दुकानाचं नाव तेवढं वाचता येत होतं आणि खाली ठळक इंग्रजीत दोन शब्द होते, 'बॅक बेकन'. आता आमच्या खात्यात 'बॅक' म्हणजे परत. कुणी माल सोडवला नाही की आम्ही निळ्या पेन्सिलीनं त्यावर 'बॅक' लिहायचो आणि आल्या वाटेनं धाडायचो. बेकन हे मी कुण्या साहेबाचं आडनाव समजलो. बेकनसाहेबाला परत! एवढी तत्परता मी नोकरीत पुन्हा कधी दाखवली नाही. त्याच दिवशीच्या गाडीनं पार्सल मुंबईला रवाना झालं.

दुसऱ्या दिवशी काकाजी विचारायला आले, तेव्हा मी छाती फुगवून हा पराक्रम सांगितला. ते बाकावर बसले.

"बाबूजी, ब्याक म्हंजे पाठ," ते म्हणाले आणि त्यांनी माझ्याच पाठीवर हात फिरवला. "पाठीचं मांस. पोटाच्यात चरबी लय, पाठीच्यात बळ लय. चरबी फक्त काठाले. साहेबाले तेच पायजे होतं."

"काकाजी, मी स्टेशनमास्तरांना सांगतो, चूक माझी आहे."

"काऊन? तुमची नवी नवकरी. दोघाइचीबी घालवता का?" मग त्यांनी बोटं मोजली. "साहेब याले नऊ दिवस हायेत, मुंबईहून दुसरं याले पंधरा लागतीन. पूस महिना हाय, थंडी बी कडक हाय. मिठाले मान देल्ला तं घरीच होते."

'मिठाले मान द्या' हे त्यांचं पालुपदच होतं. आमटी अळणी झाली तरी तेच आणि माणूस माजला तरी तेच.

माझं गाव सेलू. तिथे गावाच्या टोकाला डुकरं पाळणारा एक जण होता, त्याचं घर दाखवायला मी बरोबर गेलो. काकाजींनी अंगठ्यानं दाबून दाबून पाठीचा तुकडा निवडला, हाड काढून घेतलं आणि धुतलेल्या पंच्यात बांधून तो माझ्याच हाती दिला. परतताना बाजारात नेमकी माझी मामी पुढे उभी.

"काय नेऊन राह्यला रे एवढं?"

"कोहळा," मी म्हणालो. तोंडाला येईल ते बोललो.

"बरं झालं बाई! मले अर्धा दे. सांडगे घालाचेच हायेत."

मामीनं हात पुढे केलाही. मी गाठोडं छातीशी धरलं. काकाजी शांतपणे म्हणाले, "बाई, हा दृष्ट काढाचा कोहळा हाय. साहेबाच्या बंगल्यावरून ओवाळाचा हाय. वाटेत कसा फोडता येईन?"

मामीनं झटकन हात मागे घेतला आणि आम्हा दोघांना वाट करून दिली. स्टेशन येईपर्यंत काकाजी स्वतःशीच हसत होते. "खोटं नाई बोललो," ते म्हणाले. "आपली दृष्टच तं काढाची हाय."

मीठ, थोडा गूळ आणि रंग टिकायला चिमूटभर सोरा. एवढं मिश्रण त्यांनी तुकड्याला चोळलं आणि तो चिनी मातीच्या बरणीत ठेवला. लोखंडाला ते शिवू देत नसत. रोज सुटलेलं पाणी ओतून टाकायचं, तुकडा उलटायचा, पुन्हा मीठ. पाच दिवसांनी तो धुऊन, पुसून त्यांनी मलमलीत गुंडाळला आणि उत्तरेच्या वऱ्हांड्यात जाळीच्या कपाटात टांगला. त्या कपाटाचे चारी पाय पाण्याच्या वाट्यांत होते, मुंग्या चढू नयेत म्हणून. त्याच दिवशी एक काप तव्यावर पडला. चटचट उडाला. काकाजींचा चेहरा उतरला. "पाणी हाय अजून आंत," ते म्हणाले.

दोन दिवस आम्ही दोघं वाऱ्याकडे डोळे लावून बसलो. मी पार्सलांवर चिठ्ठ्या चुकीच्या चिकटवत होतो. आठव्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. थंड तव्यावर काप ठेवला, तेलाचा थेंब नाही, आच अगदी मंद. काठाची चरबी हळूहळू सुटू लागली.

"काकाजी, मीठ जास्त झालं असेल तर? मी चाखतो. चूक माझी, जीभही माझी," मी म्हणालो. अगदी मनापासून म्हणालो.

"चुकी धुवाले धरम कशाले बुडवता, बाबूजी?" त्यांनी डोळे मिटले. "ऐका."

चटचट नव्हती. एकसुरी, बारीक किरकिर चालली होती. तवा निवल्यावर त्यांनी वाकून पाहिलं, मिठाची पांढरी रेघ उरली नव्हती, म्हणजे मीठ बेताचं होतं. त्यांनी माझ्या खांद्यावर अशी थाप मारली की पेन्सिल खिशातून पडली.

साहेब आले. मी फाइल घेऊन दाराशी उभा होतो. साहेबांनी बशीतले दोन्ही काप खाल्ले आणि विचारलं, "खानसामा, ये कहाँ का है? मुंबई का?"

"नई साहब. सेलू का."

साहेबांनी काटा खाली ठेवला. "और दो लाओ."

"नई साहब. इसमें नमक रहता. दो टुकडे में ताकत, चार टुकडे में बीमारी. अब संत्रा खाइए."

मी मनातल्या मनात रामनाम घेतलं. साहेबांनी एकदा काकाजींकडे पाहिलं, एकदा संत्र्याकडे पाहिलं आणि ते खो खो हसत सुटले. जाताना त्यांनी वहीत इंग्रजीत शेरा लिहिला. काकाजींनी तो माझ्याकडून मराठीत तीनदा वाचून घेतला. 'नाश्ता उत्तम. खानसामा हट्टी आहे, पण ठेवावा.'

"हट्टी कुठं लिवलं, दाखवा," ते म्हणाले. मी दाखवलं. त्या शब्दावर त्यांनी बोट ठेवलं आणि त्यांचे डोळे भरून आले. माझेही आले, उगाच कशाला लपवू? त्यानंतर दर पौष महिन्यात साहेबलोकांना आमच्या स्टेशनाची तपासणी फार निकडीची वाटू लागली. काप मात्र दोनच मिळत.

दोन वर्षांनी काकाजी पेन्शनीत निघाले. पुलगावला गाडी बदलून, आर्वीच्या छोट्या गाडीनं रोहण्याला, आपल्या गावी. सुरी, तवा आणि ती बरणी असलेली लाकडी पेटी त्यांनी माझ्या खिडकीत ठेवली. मी पत्ता लिहिला, पावती फाडली.

"खाली निळ्या पेन्सिलीनं ब्याक लिवा," ते म्हणाले.

"काकाजी, अजून चिडवता?"

"चिडवून नाई राह्यलो. लिवा. आता हे पार्सल खरंच परत जाऊन राह्यलं."

मी लिहिलं. गाडी हलली, तेव्हा काकाजी खिडकीशी मान कलती करून, डोळे मिटून बसले होते. माझ्या साऱ्या नोकरीत ते एकच 'बॅक' असं होतं, जे मी बरोबर लिहिलं आणि तरी पुसून टाकावंसं वाटलं.