गेटवरचा टॅब आणि रेश्माची सीट

"मॅडम, तुमचं पेज ठीक आहे. त्या बाईलाच बटणं कळत नाहीत," लोट्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या बस सुपरवायझरनी फोनवर सांगितलं.

ती बाई म्हणजे रेश्मा, तिथल्या एका कारखान्यात पॅकिंगला. संध्याकाळच्या कंपनी बसची सीट सकाळीच बुक करायची. ते पेज मी केलेलं. तीन दिवस तिचं नाव यादीत नव्हतं; दर वेळी नावापुढे शेरा मारून तिला बसमध्ये घेतलं. चौथ्यांदा चुकली तर पास रद्द होणार होता. त्या वेळी तिच्या गावाला दुसरी गाडी नाही. पास गेला की नोकरी गेली.

मी रत्नागिरीहून एसटीने लोट्याला गेले. बाकीचे आपापल्या फोनवर बुकिंग करत. रेश्मा आणि तिच्याच गावच्या आक्का यांच्याकडे फोन नव्हता. त्या गेटवरचा टॅब वापरत.

"आक्कांना साठीत जमतं, हिला जमत नाही," सुपरवायझर म्हणाले.

"आवो साहेब, आक्कांना बटणं मीच दाखवते!" रेश्मा म्हणाली.

"खरं हाय," आक्का म्हणाल्या. "माझा चष्मा घरीच असतो."

"मग रोज आधी कोण करतं?" मी विचारलं.

"आक्काच. मोठ्या माणसाच्या आधी कशी घुसू?"

तिथेच मला चूक कळली.

ईशान, तन्वी, हे तुम्हा भाचरांसाठीच लिहितेय: तुम्ही न वाचता ज्या कुकीजना होकार देता, ती कुकी म्हणजे साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेली चिठ्ठी. माझ्या चिठ्ठीत कामगाराचा नंबर दहा मिनिटं राहायचा, म्हणजे पुन्हा टाइप करायला नको. 'झालं' दाबल्यावर ती पुसली जायला हवी होती. पण कुकीला path असतो, म्हणजे साइटच्या कोणत्या भागासाठी ती आहे ते. पुसतानाही तोच path लागतो. मी तो लिहिलाच नव्हता, म्हणून ब्राउझरने ज्या त्या पानाचा धरला. कुकी ठेवली गेली मुख्य पानाच्या path वर, पुसायचा हुकूम गेला आतल्या पानाच्या. आक्कांची चिठ्ठी तशीच राहायची. पाठोपाठ आलेल्या रेश्माला पेज तिचा नंबर विचारायचंच नाही. तिची सीट आक्कांच्या नंबरवर जायची, आणि एका नंबरची दोन बुकिंग माझा प्रोग्रॅम एकच धरायचा.

दोन्ही ओळींत path लिहिला. दोघींनी पुन्हा बुकिंग केलं. यादीत दोन नावं आली.

"चला, मिटलं," सुपरवायझर म्हणाले.

"मिटलं नाही. चूक माझी होती. हिच्या नावापुढचे तीन शेरे आधी खोडा."

त्यांनी माझ्यासमोर खोडले.

ते पेज मी घरी वीस वेळा तपासलं होतं, पण एकटीने, माझ्याच फोनवर. आता सामाईक मशीनसाठी काही लिहिलं की शेजारणीला बोलावते. आधी मी माझा नंबर टाकते, लगेच त्याच फोनवर ती तिचा.