भुयाराचं मागचं दार

त्या रविवारी तपासनीसबाईंचं डोकं फिरलं ते स्वतःच्याच करणीनं, म्हणून जरा जास्तच फिरलं.

नोकरी अग्निशमन खात्यात. इमारती तपासायच्या, जिन्यात खोकी रचणाऱ्या मालकांची खरडपट्टी काढायची. हौस मात्र भलतीच: फासे टाकून खेळायच्या साहसी खेळासाठी भुयारं रचायची. नवरा, नणंद आणि शेजारचा चष्मेवाला जेवणाच्या टेबलाशी बसून योद्धे, चेटकिणी व्हायचे आणि बाई त्यांना कागदावरच्या अंधारात सोडायच्या.

आता नणंदेची दूर बदली झाली होती. ती गेली की टेबल मोडणार, उरलेले दोघं बातम्या बघत लोळणार, हे बाईंना स्वच्छ दिसत होतं. म्हणून बदलीची कुणकुण लागल्यापासून खपून त्यांनी सात मजली भुयार रचलं. पाण्यात बुडालेलं ग्रंथालय, खोटं बोलणारे पुतळे, तळाशी राक्षस. ते संपेपर्यंत तरी नणंद सुट्टीला येत राहील.

पण बाई हाडाच्या तपासनीस. पहिल्याच मजल्यावर त्यांच्या हातून संकटकाळी बाहेर पडायचं दार रेखाटलं गेलं होतं. रुंद, बिनकुलपाचं, बाहेर उघडणारं.

खेळ सुरू झाला आणि पहिल्याच सापळ्यात धूर कोंडला. नवऱ्यानं विचारलं, "दुसरा रस्ता आहे का गं?"

या बाबतीत खोटं बोलणं बाईंना जन्मात जमलं नसतं. "डावीकडे," त्या पुटपुटल्या.

"सुटलो बुवा," चष्मेवाला म्हणाला. "आता परत मरायला आत कोण जातंय? चहा टाका, वहिनी."

"खाली सहा मजले तुमची वाट बघतायत आणि तुम्हाला चहा सुचतोय?" बाई कडाडल्या. मग सवयीनं, वैतागूनच म्हणाल्या, "बाहेर आलात ना? माणसं मोजा आधी."

नवरा म्हणाला, मी. चष्मेवाला म्हणाला, मी. नणंदेची सोंगटी अजून आतच होती, खाली जाणाऱ्या जिन्याशी.

"अगं, दार उघडं आहे. तू का नाही निघालीस?"

"मी खाली जाऊन बसते," नणंद नकाशाकडे बघत म्हणाली. "हे दोघं येतील शोधायला. मीही येत राहीन, दर सुट्टीला. माणूस आत असताना तू काम संपलं म्हणशील का, वहिनी?"

बाईंना तिचा संताप आला आणि रडूही आलं.

"असला बेजबाबदारपणा मी कुणाचा खपवून घेत नाही," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी दुसऱ्या मजल्याचा नकाशा टेबलावर पसरला.