आप्पांनी परत पेरलेला रानमूग

माझा राग वाईट, हे आमच्या गावातलं शेंबडं पोरही सांगेल. पण त्याची किंमत कुणा भलत्यालाच मोजावी लागेल, असं कधी वाटलं नव्हतं.

मी बेळगावात कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. घर खानापूरकडचं, शेतकऱ्याचं. समुद्राशी आमचा संबंध सुक्या बांगड्यापुरता. तरी पीएचडीला विषय घेतला तो किनाऱ्यावरच्या वाळूत वाढणाऱ्या शेंगवर्गीय झाडांचा. वाळूत काही उगवतं, हेच लोकांना खरं वाटत नाही. पण एकाच किनाऱ्यावर मला जांभळ्या फुलांची रानअबई मिळाली, खुळखुळा मिळाला, ओढ्याच्या तोंडाशी करंज मिळाला आणि अगदी टोकाला, आमच्या अंगणाएवढ्या जागेत, पिवळ्या फुलांचा रानमूग. अख्खा किनारा पालथा घातला, तो दुसरीकडे कुठंच नव्हता. फुलांवर असताना त्याची एक फांदी मी वाळवून कागदावर लावली होती. आता शेंगा पिकल्यावर जागच्या जागी वेली मोजायच्या होत्या.

"येकटी नगं जाऊस, मी येतो," आप्पा म्हणाले. आप्पा म्हणजे माझे वडील. घरचा मसूर नुकताच काढून झाला होता, त्यामुळे ते मोकळे होते. गुंजी स्टेशनावर गाडीत बसलो आणि घाट उतरलो.

आप्पांना रानमुगापाशी बसवून मी किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला रानअबई मोजत होते. दोन तासांनी रानमुगाकडे आले, तर जागा साफ! आप्पांनी एकूण एक वेल मुळासकट उपटून, मुळं एका बाजूला करून, नीट ढीग रचला होता. आमच्याकडे मसूर असाच काढतात. वाळलेली शेंग दिसली की आमच्या माणसाचा हात गप्प बसत नाही.

"शेंगा तडकाय लागल्यात्या गं, सगळं बी वाळूत चाललंतं. म्हटलं, तुझं काम हलकं करावं." मग त्यांनी एक मूळ माझ्यापुढं धरलं. "गाठी बघ मुळाला. हे आपल्या मसुराच्या भावकीतलंच की!"

चेहरा केवढा खुलला होता त्यांचा. आणि मी ओरडले. जाळी दुरुस्त करत बसलेल्या चार परक्या माणसांसमोर ओरडले. "अडाणी ते अडाणीच! सगळं वाटोळं केलंत माझं!" जन्मदात्याला बोलले मी हे. त्यांनी ढीग पिशवीत भरला. परतीच्या गाडीत ती मांडीवर घेऊन बसले. मी त्या पिशवीला हातसुद्धा लावला नाही.

पुढं पावसाच्या तोंडावर घरी गेले, तर आई म्हणाली, "दोन दिवस भाकरी बांधून समुद्राला गेलते तुझे आप्पा." तसले दुखरे गुडघे घेऊन!

आप्पा खाली बघतच म्हणाले, "तुझं बी तिथंच लावून आलो. वीत-वीत अंतर सोडून. एक दाणा घरात ठेवला न्हाय."

तेव्हा त्यांची माफी मागायला हवी होती. मी नुसतं "बरं केलंत" म्हटलं आणि चहा टाकायला आत गेले.

पावसाळा सरल्यावर मी बघायला गेले. समुद्र जमीन खातोय म्हणून तिथं काळ्या दगडांचा बांध घातला होता, बरोबर त्याच जागेवर. दोन दिवस मी दोन्ही बाजूंची वाळू धुंडाळली. एक पान दिसलं नाही. मी तोंड आवरलं असतं, तर ते बी दरवर्षीच्या बियाण्यासारखं राखेत घोळून आमच्या मडक्यात राहिलं असतं. मी त्यांना अडाणी म्हटलं, म्हणून त्यांनी मूठभरही मागं ठेवलं नाही. आता माझ्याकडं कागदावरची ती फांदी तेवढी आहे, फुलांची, बिनबियांची.

आप्पांना आता चालवत नाही. सोप्यात बसून असतात. मसूर काढायचे दिवस आले की न चुकता विचारतात, "माझा रानमूग उगवला का गं?"

"व्हय आप्पा. लई पसरलाय."

ते समाधानानं मान हलवतात. यंदा मात्र थोडं थांबून म्हणाले, "शेंगा वाळल्या असतील आता. कुणाला उपटू दिऊ नगंस हां."