देवीच्या नावाचे केस

आमच्या पिंपळगाव राजात त्या काळात पावसाचा भरवसा नव्हता, कापसाच्या भावाचा नव्हता आणि एसटीच्या वेळेचा तर कधीच नव्हता. बिनचूक वाढणारी गोष्ट एकच होती, ती म्हणजे आमच्या मित्राचे केस. बीटीचं बियाणं नवंनवं आलं तेव्हा ते कानांवर होते. सुरुवातीच्या चांगल्या हंगामांत गावात मोटारसायकली आल्या तेव्हा ते खांद्याला लागले. पुढं पराटीवर, म्हणजे कपाशीवर, लाल्या रोग पडला, बोंडं अर्धवट फुटली, लोक मोटारसायकली विकून पुन्हा सायकलीत हवा भरू लागले, तोवर ते पाठीवर रुळत होते. त्याचे वडील वावरातून येताना ओट्यावरच्या पोराकडं पाहत आणि म्हणत, "इतकं बिनखताचं पीक आपल्या वावरात एक डाव तरी आलं पाह्यजे होतं."

हे केस हौसेचे नव्हते. ते देवीच्या नावाचे होते. त्याच्या आईला आम्ही मावशी म्हणतो; तिचं माहेर लोणारकडचं. तिथं सरोवराच्या काठाला देवी आहे आणि माहेरच्या माणसांशी बोलावं तसं मावशी त्या देवीशी बोलते. पोरगा बी. ए. होऊन घरी बसला, पाच एकरांच्या पराटीवर एका माणसाचंही भागेना, तेव्हा मावशीनं देवीला सांगितलं की, पोराला नोकरी लागू दे, तोवर त्याच्या डोक्याला कात्री लागणार नाही. लागली की सगळे केस तुझ्या पायाशी. देवीनं ऐकलं की नाही ते माहीत नाही, पण साहेब लोकांनी मात्र लगेच मनावर घेतलं. ज्या ज्या कचेरीत हा मुलाखतीला जाई, तिथला साहेब आधी केस बघे आणि मग दार दाखवी. म्हणजे नोकरी लागल्याशिवाय केस कापायचे नाहीत आणि केस कापल्याशिवाय नोकरी लागायची नाही. अशा कात्रीत तो सापडला होता, आणि ती कात्री केस कापायच्या काही कामाची नव्हती.

माझा बसस्टँडसमोर फोटो स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणजे एक खोली, एक निळा पडदा, एक स्टूल आणि पावसात ज्यांचा काडीचा उपयोग होत नाही अशा दोन छत्र्या. नोकरीच्या अर्जांना लागणारे सगळे फोटो माझ्याकडंच निघत, त्यामुळं तालुक्यातली बेकारी मी समोरून पाहिलेली आहे. हा आला की आम्ही दार लावून घेत असू. मग मी त्याचे केस मागं ओढून शर्टाच्या कॉलरमध्ये कोंबायचो, आणि मागून कपडे वाळवायचे चिमटे लावायचो. समोरून पाहिलं तर एखाद्या शाखाधिकाऱ्याचा थोरला मुलगा वाटावा असा देखणा, नीटनेटका माणूस दिसायचा. त्याला एक सवय होती. काही बोलायचं झालं की आधी मान डावीकडं झटकून केस खांद्यामागं टाकायचे आणि मग बोलायचं. चिमटे लावल्यावर ते जमत नसे, म्हणून फोटो काढताना तो गप्प असायचा. त्यातला एक फोटो इतका चांगला आला की मी तो मोठा करून दुकानाच्या काचेत नमुना म्हणून लावला. तो पाहून बरीच गिऱ्हाइकं आली. फायदा झाला नाही तो एकट्या त्यालाच. एका पतसंस्थेतल्या साहेबांनी अर्जावरचा फोटो पाहिला, समोरचा माणूस पाहिला आणि विचारलं, "तुमचे बंधू का नाही आले?"

नंतर त्यानं फेट्याची युक्ती काढली. मलकापूरला एका बियाण्याच्या कंपनीत गावोगाव फिरणारी माणसं हवी होती. हा अबोली रंगाचा फेटा बांधून गेला. घरच्या लग्नातून थेट आलोय, असं त्यानं सांगितलं. साहेबांना त्याच्या कामावरच्या निष्ठेचं भारी कौतुक वाटलं आणि त्यांनी त्याला पंधरा दिवसांनी पुन्हा बोलावलं. पंधरा दिवसांनी हा तोच फेटा बांधून हजर. साहेब म्हणाले, "अहो, अजून आटोपलं नाही का लग्न?" मग फेटा काढावा लागला. केस घळकन खाली आले तेव्हा म्हणे शिपायाच्या हातातला चहा सांडला. साहेब स्वभावानं वाईट नव्हते. त्यांनी समजावून सांगितलं की शेतकऱ्यानं बियाण्याच्या पाकिटाकडं बघायला हवं, तुमच्याकडं नव्हे.

घरी मात्र यातलं काही कळू द्यायचं नाही, असा त्याचा दंडक होता. मावशीला केसांची अडचण होत असेल अशी शंका येण्याचं कारणच नव्हतं. तिच्या जगात लांब केसांच्या माणसाच्या लोक पाया पडत. नोकरी का नाही लागली, याची कारणं तो येताना एसटीत तयार करायचा. "त्यांले मोटारसायकलवाला पाह्यजे होता." "साहेबाची बदली झाली." "त्यांनी जागाच भरायची नाही ठरवली." आणि मावशी दर वेळी त्या न पाहिलेल्या साहेबाला एखादी शिवी देऊन पोराच्या डोक्याला तेल लावायला बसायची. मी एकदा वैतागून म्हणालो, "सांगून काऊन नाही टाकत बे मायले?" त्यानं मान झटकली आणि म्हणाला, "काय सांगू? तुह्या नवसापायी मी घरी बसलो म्हणू? ती जेवन का मंग?" सगळ्या गावाला ठाऊक होतं, आणि गावानंही तोंड शिवून घेतलं होतं. आमच्या गावाच्या पोटात पाणीसुद्धा टिकत नाही, पण ही एक गोष्ट टिकली.

कुरकुर करणारे एकच, माझ्या शेजारचे सलूनवाले चाचा. त्यांना मनस्ताप होई. हा दुकानावरून गेला की ते वस्तरा थांबवून त्याच्या पाठीकडं पाहत राहत आणि खुर्चीतलं गिऱ्हाईक अर्धी दाढी घेऊन ताटकळे. "मेरे दुकान के सामने से रोज इतना धंदा चल के जाता," ते मला म्हणत, "और मैं खाली सलाम करता."

केसांचा मान मात्र त्याला भरपूर मिळाला. एसटीत बायका उठून जागा देत. खामगावच्या स्टँडवर एका म्हाताऱ्यानं त्याला वाकून नमस्कार केला आणि विचारलं, "म्हाराज, औंदा बोंडअळी येईन का?"

"मी म्हाराज नाही, बाबा. बी. ए. हाये."

"असू द्या. पन सांगा."

"मले काय मालूम?" असं म्हणून यानं हात झटकले आणि गाडीत बसला. त्या वर्षी अळीनं बोंडं आतून पोखरून काढली. म्हाताऱ्यानं नंतर त्याला शोधत येऊन एक पपई दिली. म्हणाला, म्हाराजांनी हात झटकले तवाच मी समजलो होतो. याला वाईट वाटलं. पपई खाल्ली नाही, मला देऊन टाकली.

अळीनं त्यांचंही वावर सोडलं नव्हतं. वडिलांनी उभी पराटी उपटली आणि पुन्हा त्याच्या नोकरीबद्दल विचारलंच नाही. न विचारणं त्याला जास्त लागलं असावं. दुसऱ्या आठवड्यात तो मलकापूरच्या एका जिनिंगमध्ये रोजीनं कामाला लागला. कापसाचे ढीग मशीनकडं ओढायचे, रुई भरायची. "ही काही नोकरी नाही," तो मला बजावून सांगे, "ही आपली मधातली सोय. नोकरी लागायची हाये." मुकादमानं त्याला केस दुपट्ट्यात घट्ट बांधायला लावले होते, मशीनच्या पट्ट्यात जाऊ नयेत म्हणून.

एके दिवशी संध्याकाळच्या गाडीनं तो उतरला तेव्हा दुपट्टा सुटलेला होता. दिवसभराची रुई त्याच्या केसांत, भुवयांत, मिशीत बसली होती. डोकं पांढरंफेक. खांदे ओढल्यासारखे वाकलेले. चाचा दुकानाबाहेर येऊन म्हणाले, "लो, बाल तो पक भी गये. अब क्या काटना?" आम्ही खूप हसलो. तोही हसला. ही गंमत मावशीला दाखवायची म्हणून त्याला रुई झटकू दिली नाही आणि त्याच्याबरोबर घरी गेलो.

मावशी ओट्यावर तुरीची डाळ निवडत होती. तिनं मान वर केली, अंगणात कोणी वयस्क माणूस आलाय असं पाहून डोक्यावरचा पदर सारखा केला, सूप बाजूला सारलं आणि उठून म्हणाली, "या, बसा. मालक वावरात हायेत."

"माय, मीच हाये," तो म्हणाला आणि हसू लागला.

मावशी हसली नाही. तिनं त्याला खाली बसवलं, मागं बसून फणीनं एकेक बट सोडवत रुई काढली. आत जाऊन दिवा लावायचंही तिला सुचलं नाही. रुई निघाली आणि खालचे केस पुन्हा काळे दिसले, तरी ती फणी फिरवीतच राहिली. मी उगीच आलो असं मला वाटलं. निरोप न घेताच निघालो.

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेल्यावर मावशी बसस्टँडवर आली. ती या बाजूला सहसा येत नाही. काचेसमोर थांबली आणि बराच वेळ त्या फोटोकडं पाहत राहिली. मग आत येऊन स्टुलावर बसली.

"त्या फोटोत त्याचे केस कुठी गेले?"

मी खरं ते सांगितलं. सांगणं भाग होतं, कारण चिमटे समोरच्या खिळ्याला लटकत होते. "साहेब लोकांले चालत नाहीत केस, मावशी."

"मंग मले काऊन नाही सांगतलं कोनी?"

"तुहा नवस होता ना."

तिनं खिळ्यावरचा एक चिमटा हातात घेऊन पाहिला. मग म्हणाली, "नवस मी बोलली होती. देवीनं थोडेच मागतले होते?" आणि पदरानं नाक पुसून, उठता उठता, "आइतवारी लोनारले जायचं. तू बी चाल, फोटो काढाले. नोकरी लागली त्याले."

"मावशी, ते त रोजीचं काम हाये."

"रोजी आन् पगार यातला फरक देवीले समजते का?"

समजत असावा. निदान तिच्या पोराला समजत होता. त्याला कळलं तेव्हा तो माझ्या दुकानात येऊन मायलेकांच्या भांडणातली आपली बाजू मांडून गेला. केसांवर त्याचा जीव नव्हता. पण ज्या नोकरीसाठी इतकी वर्षं डोकं राखलं, ती ही नव्हे, असं त्याचं म्हणणं होतं. यावर नवस फेडला म्हणजे हीच ती, असं कबूल केल्यासारखं होईल. "याच्यावर फेडला त मोठीसाठी काय ठेवशीन, असं इचारलं मी मायले," तो म्हणाला.

"मंग?"

"म्हने, केस पुन्हा येतात." त्यानं मान झटकली आणि दुकानाबाहेर पडला.

रविवारी आम्ही लोणारला गेलो. खामगाव, मेहकर असं करत पोचेस्तोवर ऊन चढलं होतं. चाचांनी दुकान बंद ठेवलं होतं आणि पिशवीत नवं पातं घेऊन तेही आले होते. इतकी वर्षं ज्या पिकावर नजर ठेवली, ते दुसऱ्यानं कापलेलं त्यांना खपलं नसतं. सरोवराच्या काठाला झाडाखाली त्यांनी त्याला बसवलं आणि कापायला घेतलं. केस मावशीच्या पदरात पडत होते. नारळ विकणाऱ्या बाईनं विचारलं, "कायचा नवस फेडता बाई?"

"पोराले नोकरी लागली," मावशी म्हणाली.

"मोठी हाये का?"

तो खाली पाहत होता. मावशीनं क्षणभर त्याच्याकडं पाहिलं. "मोठी हाये," ती म्हणाली. "घराएवढे ढीग असतात कापसाचे."

मी फोटो काढला, पण तो चांगला आला नाही. ऊन फार होतं, असं मी त्यांना सांगितलं.

पुढं भरत्या निघाल्या, मुलाखती झाल्या, पण हा गेला नाही. कधी म्हणे हंगाम आहे, कधी म्हणे वय निघून गेलं. एकदा दुपारी आला आणि म्हणाला, फोटो काढ. मला आनंद झाला. "भरती निघाली का बे?"

"नाही. जिनिंगवाले कार्ड देऊन राह्यले, गळ्यात घालाचं."

तो स्टुलावर बसला. मी सवयीनं चिमट्यांकडं हात नेला आणि मग तसाच मागं घेतला. "समोर पाह्य," मी म्हणालो. बोलायच्या आधी त्यानं मान डावीकडं झटकली. मागं टाकायला काही नव्हतं. "असं ठीक हाये का?" त्यानं विचारलं, आणि मी बटण दाबलं. त्या फोटोत त्याची मान थोडी डावीकडं कललेली आहे. मी दुसरा काढला नाही, तोच दिला, आणि त्याची एक प्रत काचेत जुन्या फोटोशेजारी लावली. दोन्हींत केस आखूडच दिसतात. अनोळखी माणसाला फरक कळत नाही.

मावशी आता बाजारच्या दिवशी इकडून जाते. काचेपाशी थांबते. मला वाटलं, जुना फोटो पाहून तिला वाईट वाटत असेल, म्हणून एकदा म्हणालो, "मावशी, हा जुना काढून टाकू का?"

"राहू दे," ती म्हणाली. "याच्यात त्याले नोकरी अजून लागायची हाये."