मधल्या खोलीतलं इंजिन

वसतिगृहातल्या फोनवर तात्या एवढंच म्हणाले, "मनोहर गेला." त्यानंतर त्यांनी फोन ठेवला नाही, मीही ठेवला नाही… कावीळ झाली म्हणून तो थोड्याच दिवसांपूर्वी पुण्याहून पिंपरी पेंढारला, आपल्या घरी गेला होता. तात्या त्याचे वडील.

मी शिनोलीचा. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच, त्यामुळे वर्गात उत्तर येत असलं तरी ते घशातच राहायचं. शेजारी बसणारा मनोहर ते माझ्या वहीत वाचून सांगायचा आणि वर म्हणायचा, "सर, हे त्याचं उत्तर आहे." त्यानं हौशी रेडिओचा परवाना काढला होता. असे हौशी लोक स्वतः लहान उपग्रह बनवतात, हे मला त्याच्याकडूनच कळलं. मोठ्या रॉकेटवर उरलेल्या जागेत ते जातात आणि रॉकेट सोडेल तिथंच राहतात. कक्षा खालची मिळाली तर विरळ हवेच्या ओढीनं हळूहळू खाली येऊन जळतात. त्यांना थोडं वर ढकलणारं चिमुकलं इंजिन करायचं, हे त्यानं मनावर घेतलं. कांदे निवडता निवडता त्यानं ते तात्यांना समजावलं.

"एसटी आळेफाट्याला सोडते. पुढं घरापर्यंत आपलं आपण यायचं ना? तसंच."

"मग त्याला पाय का न्हाई लावले?"

"तेच लावतोय."

"लाव. पर घरात न्हाई. टाकी फुटली म्हंजी?"

टाकी म्हणजे फाट्यावरच्या गॅरेजात करून घेतलेली मुठीएवढी पितळी डबी. तिच्यात सायकलच्या पंपानं हवा भरायची. बटण दाबलं की ती द्राक्षफवारणीच्या नोझलमधून सुटायची. घरात मनाई, म्हणून आम्ही ते इंजिन कांदे साठवायच्या रिकाम्या बराखीत दोऱ्यांनी टांगलं. त्याला आरशाचा तुकडा चिकटवून त्यावर बॅटरीचा झोत सोडला, म्हणजे इंजिन केसभर हललं तरी समोरच्या फळीवर उजेडाचा ठिपका बोटभर सरकेल. पण ठिपका बटण दाबण्याआधीच नाचायचा. फटीफटींतून वारा. आम्ही पोती लावली, जुन्या साड्या लावल्या.

"कांद्याला वारा लागावा म्हणून बांधली ती," तात्या मला म्हणाले, "अन् तुमी तिला गोधड्या पांघरवता व्हय, पावणं?"

पुण्यातलं हौशी रेडिओ मंडळ एका लहान उपग्रहाची जुळवाजुळव करत होतं. इंजिन खरंच ढकलतं हे दाखवा, मग बघू, असं त्यांनी मनोहरला सांगितलं होतं. आमच्या शेवटच्या भेटीत तो खाटेवर पडून होता, डोळे पिवळे झालेले. म्हणाला, "धक्का आहे का वाराच आहे, एवढं तरी कळायला पाहिजे रे."

तेराव्यानंतर मी गेलो, तर तात्यांनी घरातली मधली खोली रिकामी करून ठेवली होती. तिला खिडकी नाही. आढ्याला त्यांनी दोऱ्याही बांधल्या होत्या.

"हितं लाव."

मी चाचरत टाकीचं विचारलं…

"फुटू दे."

दार लावलं. भिंतीवरचा ठिपका हळूहळू स्थिर झाला. तसा तो मी आणि मनोहरनं कधीच पाहिला नव्हता. बटण दाबलं. बारीक फुस्स झालं, ठिपका एका बाजूला सरकला, हवा संपेपर्यंत तिथंच राहिला आणि मग झुलत परत आला. पुन्हा हवा भरली. पुन्हा तसंच. तात्या कोपऱ्यात तोंडावर टॉवेल धरून उभे होते.

"श्वास सोडू का आता?"

"सोडा, तात्या. धक्काच आहे."

ते खाली बसले आणि पहिल्यांदाच माझ्यासमोर रडले.

इंजिन मंडळाला दाखवायचं आहे, बोलायचंही मलाच आहे. तात्यांनी अजून ते काढू दिलेलं नाही, मीही घाई करत नाही… संध्याकाळी दिवा लावायला त्या खोलीत जाताना तात्या दार अगदी हळू लोटतात, आत वारा शिरू नये म्हणून.