मी न दिलेला ड्रम

माझ्याकडे सहा जुने साईड ड्रम आहेत. सातवा शाळेत आहे, काचेच्या कपाटात, आणि त्याच्याखाली पाटी आहे: माजी विद्यार्थ्याकडून सप्रेम भेट. तो माजी विद्यार्थी मी. भेट मी दिलेली नाही.

साईड ड्रम म्हटलं की हल्ली लोकांच्या डोळ्यांपुढे चकचकीत, प्लॅस्टिकच्या पडद्याचा ड्रम येतो. माझे तसले नव्हेत. पितळेचा गोल डबा, वर-खाली लाकडी कडी, त्यांतून नागमोडी ओवलेली दोरी आणि दोन्ही तोंडांना खरं कातडं. खालच्या कातड्याला चिकटून आतड्याच्या ताती आडव्या ताणलेल्या असतात. वर काठी पडली की त्या खाली थरथरतात आणि तडतडाट उठतो, ज्यावर पाय आपोआप उचलला जातो. लग्नाचे बँड बंद पडले, शाळांनी स्पीकर आणले, तसे हे ड्रम अडगळीत गेले. नोकरी सांभाळून मी ते शोधत हिंडलो. एक पूर्णगडला मिळाला. त्याचं वरचं कातडं गेलेलं, म्हणून त्या घरात त्यात सोडे, म्हणजे सुकवलेली कोळंबी, भरून ठेवत. दमट दिवसांत त्याला अजून वास सुटतो. बायको म्हणते, "त्यात नुसतं पाणी घालून उकळा, कालवण होईल."

शाळेचा ड्रम मिरजोळ्याच्या एका भंगारवाल्याकडे सापडला. त्याच्यावर गंजक्या नळांची टोपली ठेवलेली होती. कडेचा पोचा बघून मी ओळखला. मी बँडमध्ये कधीच नव्हतो. उंची कमी म्हणून मला घेतलं नाही. पण दर प्रभातफेरीला मी ह्याच ड्रमच्या मागून चाललो होतो. शाळेनं तो मोडक्या बाकांबरोबर फुंकून टाकला होता. आश्चर्य म्हणजे वरचं कातडं शाबूत होतं, काठ्यांच्या मारानं मधोमध गुळगुळीत झालेलं. नवं कातडं चढवून मिळतं, नाही असं नाही. पण मी ज्यामागून चाललो तो आवाज त्या जुन्या कातड्यात होता, आणि मला तोच राखायचा होता.

आमच्या हवेत कातडं राखणं सोपं नाही. पावसात ते सैल पडतं आणि ड्रम भदभद वाजतो. मग दोरी आवळायचा मोह होतो. आवळायची नाही. आवळलीच, तर वाजवून झाल्याबरोबर सोडायची. कारण पाऊस गेला की तेच कातडं आक्रसतं, आणि दोरी ताणलेली असेल तर फाटतं. बुरशी धरू नये म्हणून मी कपाटात बल्ब लावून ठेवतो. विजेच्या बिलावरून घरात बोलणी खातो, ती वेगळी.

शाळेचा अमृतमहोत्सव आला. मुख्याध्यापक घरी आले. "काका, शाळेचा जुना ड्रम प्रदर्शनात मांडायचाय. चार दिवस द्या, पाचव्या दिवशी मी स्वतः आणून पोचवतो." माझी छाती फुगली. दिला.

समारंभाला मला व्यासपीठावर बोलावलं. आभार मानतील असं वाटलं. मुख्याध्यापकांनी माईक हातात घेतला आणि म्हणाले, "हा अनमोल ठेवा काकांनी आज आपल्या शाळेला कायमचा अर्पण केला आहे!" टाळ्यांचा कडकडाट. मला काही कळायच्या आत अंगावर शाल आली, हातात नारळ आला. समोर सगळे ओळखीचे. अशा वेळी आपल्याकडे माणूस 'नाही' म्हणत नाही. शाल उतरवून परत देणारा आणि "हे खोटं आहे" म्हणणारा माणूस रत्नागिरीत अजून मी पाहिलेला नाही. मी हात जोडले. टाळ्या आणखी वाढल्या.

मांडवात त्यांना गाठलं. "अहो सर, मी तो—"

"काका, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून शाळा उभ्या आहेत!" आणि ते पाहुण्यांच्या दिशेनं वळले. मग मी निदान दोरीचं सांगून घेतलं. पंगतीत वाढपी समोर आल्यावर हलवतात तशी त्यांनी मान हलवली.

पंधरा ऑगस्टला भाट्याहून परतताना शाळेवरून आलो. पाऊस लागलेला होता आणि ड्रम खणखणीत वाजत होता. त्या हवेत तो तसा वाजूच शकत नव्हता. कुणीतरी जीव खाऊन आवळला होता.

दुसऱ्या दिवशी शाळेत गेलो. ड्रम कपाटात गेलेला, तसाच आवळलेला. शिपाई म्हणाला, "काका, चावी सायबांकडं हाय. सायब ट्रेनिंगला गेलेत. मी काय करू वो?" त्याचं खरं होतं. पुढच्या खेपेला मुख्याध्यापक भेटले. "काका, आता ती शाळेची मालमत्ता. कुणीही हात लावला तर उद्या मला विचारतील." म्हटलं, हात नको, नुसती दोरी सोडतो, तुम्ही समोर उभे राहा. "बघू, गणपती होऊन जाऊ देत."

गणपती झाले. नवरात्र बसलं. भातं कापणीला आली होती, जो तो पावसाला आता जा म्हणत होता, आणि मी एकटा रोज आभाळाकडे बघून म्हणत होतो, राहा बाबा अजून थोडा. ते कपाट पश्चिमेच्या खिडकीशी आहे. पाऊस गेला आणि ऊन तावायला लागलं. माझा इतका संताप होत होता की बायकोनं त्या दिवसांत ड्रमचा विषयच काढला नाही.

दसऱ्यानंतर शाळेतून फोन आला, येऊन जा. गेलो. कातडं या कडेपासून त्या कडेपर्यंत उभं फाटलं होतं. मुख्याध्यापक माझ्याशेजारी उभे राहिले, खरोखरच हळहळले.

"बघा ना काका, आपोआप गेलं. जुनंच ते, आधीच विरलेलं असणार." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुमच्याकडे अजून आहेत ना? त्यातला एखादा द्या बघून. ह्या खेपेला जरा मजबूत बघा."

मी तसाच बाहेर पडलो. बोललो असतो तर शिवीच गेली असती.

मी गेल्यावर सगळे ड्रम शाळेला द्यायचे, असं मी बायकोला कधीचंच सांगून ठेवलं होतं. घरी आलो आणि पायांतल्या चपला काढायच्या आधी तिला म्हटलं, "ते रद्द. शाळेला एकसुद्धा द्यायचा नाही."

ती म्हणाली, "बरं. मग कुणाला देऊ?"

मला एक नाव सुचलं नाही.